सुंदराबाईची बारा हात भिंत

तुम्ही कधी भिंत चाटून बघितली आहे का?

नाक मुरडू नका. ज्या इमारतीत तुमचा मुलगा बी.ए. झाला, जिच्या कमानीखाली काळा झगा घालून त्यानं फोटो काढून घेतला, ती असल्याच जिभांच्या जोरावर उभी आहे. इंजिनिअराच्या हातात नकाशा असतो, कंत्राटदाराच्या हातात टेलिफोन असतो, आणि सुंदराबाईच्या तोंडात जीभ होती. ती दोन कामांना यायची. एक, चुना पारखायला. दुसरं, समोरच्याची सालटी काढायला. दोन्ही कामांत तिचा हात धरणारं वरळीपासून गिरगावापर्यंत कुणी नव्हतं.

सुंदराबाई वरळीच्या बीडीडी चाळीत राहायची. नवरा कोंडीराम गिरणीत रिंग खात्यात. ती नऊ वर्षांची असताना आईच्या बोटाला धरून साताऱ्याकडून मुंबईत आली, आणि आली ती थेट चुन्याच्या घाणीवरच. घाणी म्हणजे दगडी चाकाची चर. बैल गोल फिरतो, चाक फिरतं, चुना नि विटांची भुकटी एकजीव होते. आई चरीत पाणी घालायची आणि पोर बैलामागून फिरायची. शाळा म्हणाल तर हीच. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो सापासारखा फुसफुसतो, उकळतो. मग त्याला हौदात आठवडे न् आठवडे पाण्याखाली ठेवायचा. माणसाचा राग जसा मुरतो तसा तो मुरतो. मुरला की बोटांत लोण्यासारखा लागतो आणि जिभेवर गप्प बसतो. कच्चा असेल तर चावतो. सुंदराबाईच्या जिभेच्या टोकाला लहानपणचा एक पांढरा डाग होता. कच्च्या चुन्यानं दिलेली पदवी. त्यानंतर पस्तीस वर्षं तिला कुणी फसवलं नाही.

फोर्टात, मैदानाच्या अंगाला, विद्यापीठाची एक जुनी दगडी इमारत. कागदावर तिला कुठल्याशा गोऱ्या साहेबाचं नाव होतं. कामकरी लोक तिला ‘कमानीवाली’ म्हणत, म्हणून इथंही ती कमानीवालीच. पंचावन्न साली दिवाळीनंतर तिचं काम निघालं. गळकं छप्पर उतरवायचं, कुजलेल्या तुळया बदलायच्या, दगडांचे सांधे खरवडून पुन्हा भरायचे, आतला गिलावा नवा करायचा. आणि त्यातच सगळीकडे विजेची नवी वायरिंग, पंखे, प्रयोगशाळेत गॅसच्या नळ्या, मागच्या अंगाला एक लिफ्ट. म्हातारीला धाकट्या सुनेचे दागिने घालायचे, पण म्हातारीचं हाड मोडता कामा नये, असं ते काम.

विद्यापीठाचे इंजिनिअर राजाराम गुप्ते हे साठीला टेकलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी एक अट घातली होती. जुनी भिंत चुन्यात बांधलेली, तेव्हा दुरुस्तीही चुन्यातच. कंत्राटदाराला ती पहिल्या दिवसापासून खुपत होती. सिमेंट आज लावा, उद्या पुढे चला. चुना म्हणजे बाळंतपण. पण अट ती अट. म्हणून इमारतीच्या मागच्या अंगणात घाणी बसली, घाणीवर अठरा बाया आल्या, आणि त्या अठराजणींवर मुकादम म्हणून सुंदराबाई.

मग छप्पनचा जानेवारी उजाडला.

त्या जानेवारीत मुंबईत काय झालं ते गिरणगावातल्या माणसाला नव्यानं सांगायची गरज नाही. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, हे कळल्यावर लालबाग-परळ रस्त्यावर उतरलं. सुंदराबाई घरात बसणारी नव्हतीच. निघताना तिनं कौसल्येला दम भरला. कौसल्या म्हणजे तिच्या हाताखालची पहिली बाई. घाटावरून येऊन वर्ष-दीड वर्षच झालेलं, अंगानं तगडी, स्वभावानं भोळी.

“मी येईस्तोवर हौदातला आन् घाणीतला चुना सुकता कामा न्हाई. सुकला तर तुझी साल काढीन.”

“न्हाई सुकायचा, आक्का,” कौसल्या म्हणाली.

मोर्चात सुंदराबाईला धरलं. पोलिसाची काठी बसली खांद्यावर. तो खांदा नंतरही धड वर जात नव्हता. बारा दिवस आत होती. सुटून आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला घाणीवर हजर. चुना ओला होता. तिनं कौसल्येच्या पाठीवर थाप मारली आणि कामाला लागली. मधल्या काळात त्या चुन्यातून उत्तरेकडच्या बोळातल्या भिंतीचा गिलावाही होऊन गेला होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्या भिंतीवर पांढरा फुलोरा आला. बारा हात लांब भिंत, आणि कमरेएवढ्या उंचीपर्यंत पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी. बोट लावलं की भुगा. गिलाव्याचे पापुद्रे सुटून पायाशी पडलेले. चाळीत जन्म गेलेल्याला हा रोग ओळखीचा आहे: लोणा लागला.

कंत्राटदाराच्या बाजूनं कामावर देखरेख करणारा रमाकांत पंचविशीचा होता, पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेला. मनानं वाईट नव्हता. पण त्याच्यावर शेटचा धाक होता आणि अंगात शिकलेल्या माणसाची घाई होती. त्यानं सुंदराबाईला बोळात बोलावून घेतलं.

“सुंदराबाई, हे काय आहे?”

“लोणा.”

“तो मलाही दिसतोय. आला कशानं?”

“माज्या चुन्यानं न्हाई आला.”

“मग आकाशातून पडला? चुना तुमचा, घाणी तुमची. फक्त घाणीवर तुम्ही नव्हता. तुम्ही तुरुंगात घोषणा देत होता.”

“मुंबईसाठी गेल्ते. तुमी पण मुंबईतच जेवताय न्हवं, सायेब?”

मागं उभे असलेले दोन गवंडी हसले. रमाकांतचे कान लाल झाले. तो म्हणाला, “शुक्रवारी गुप्तेसाहेब भिंत बघायला येतायत. शेटनी अर्ज दिलाय. चुना बंद, पुढचं सगळं काम सिमेंटमध्ये. मधला मोठा दिवाणखानासुद्धा. घाणी उचलायची.”

म्हणजे चार दिवस. घाणी उचलली की अठरा बाया घरी. ते एक झालं. दुसरं, त्या दिवाणखान्याच्या दगडी भिंतींत सिमेंट ठासलं की भिंतीला घाम टाकायला जागा राहत नाही, पाणी दगडातच कोंडतं आणि दगड पोखरतो. आणि तिसरं, जे सुंदराबाईनं कुणाला बोलून दाखवलं नाही पण जे तिला सगळ्यांत जास्त झोंबलं: ‘सुंदराबाईचा चुना नासला’ हे वाक्य करी रोडपासून गिरगावापर्यंत फिरणार होतं. तिच्यासारख्या बाईपाशी दुसरं असतं काय? नाव असतं. तेही चुन्यातच कालवलेलं.

रमाकांत गेला. बोळात ती आणि गॅब्रिएल मिस्त्री उरले. गॅब्रिएल दगडाचं काम करणारा, दादरच्या जुन्या गावठाणातला ख्रिस्ती. त्याच्या आज्यानं याच इमारतीच्या कमानी घडवल्या असं तो सांगायचा, आणि दर वेळी कमानींची संख्या वाढायची. सुंदराबाईनं भिंतीवरचा पांढरा भुगा बोटावर घेतला आणि जिभेवर ठेवला. मग भिंतीशी वाकून, सुटलेल्या पापुद्र्याखालचा गिलावा चाटला.

“काय गो बाय?” गॅब्रिएलनं विचारलं.

“मीठ.”

“मीठ? भिंतीत?”

“सुक्या बोंबलासारखी खारट हाय.”

ती तशीच मागच्या अंगणात गेली. दुपारची वेळ, बाया भाकरी सोडून बसल्या होत्या. तिनं कौसल्येला बाजूला घेतलं.

“मी आत असताना घाणीत पाणी कुठलं घातलंस?”

कौसल्या म्हणाली, “टाकीला कुलूप व्हतं, आक्का. पहारेकरी फाटक लावून गेला. रस्त्यावरच्या नळाशी पोलीस बसल्याले. तुमी म्हणला व्हता सुकला तर साल काढीन. म्या सुकू दिला न्हाई.”

“पाणी कुठलं, ते सांग.”

“दर्याचं.”

“किती दिस?” सुंदराबाईनं विचारलं.

“तीन दिस,” कौसल्या हुरूप येऊन सांगायला लागली. “आमी सहाजणी. मैदानाच्या कडंनं जायचं, धक्क्याच्या पायऱ्या उतरायच्या, हंडं भरायचं. एका पोलिसानं हटकलं, कुठं चाललाय? म्या म्हणलं, तुज्या आयला इच्यार, पाण्याला चाललोय. जाऊ दिलं.”

“आगं, पण दर्याचं पाणी! खारं! चुन्यात!”

“तुमीच शिकिवलं की!” कौसल्या उलट चमकली. “मागल्या जयंतीला खोलीला सफेदी देताना तुमी म्हणला, चुन्यात मूठभर मीठ टाक, म्हंजी भिंतीला धरून बसतो, पाठ टेकली तर लुगड्याला लागत न्हाई. म्या म्हणलं, मूठभर मिठानं एवढा धरतो, तर दर्याच्या पाण्यानं जलमभर धरंल.”

यात खोटं काही नव्हतं. वरळीच्या त्या चाळीत चौदा एप्रिलच्या आधी घरोघर सफेदी होते, आणि घरोघर बादलीत मूठभर मीठ पडतं. पातळ सफेदीला ते चालतं. पण तेच मीठ बोटभर जाड गिलाव्यात गेलं की आत बसून हवेतलं पाणी ओढतं, फुगतं, आणि भिंतीची कातडी सोलून बाहेर येतं. सफेदी वेगळी, गिलावा वेगळा, हे सुंदराबाईला इतकं ठाऊक होतं की सांगायचं असतं हे तिला कधी सुचलंच नाही. आपल्याला पाठ असलेलं दुसऱ्यालाही पाठ असेल असं मास्तरच समजतात असं नाही, मुकादमही समजतात.

तिनं हात उगारला. कौसल्येनं डोळे मिटले. तो हात तिच्या डोक्यावरच्या चुंबळीवर येऊन थांबला.

“बंदुकांच्या मधनं गेलीस?”

“व्हय.”

“हंडं घिऊन?”

“मग काय पदरात आणू पाणी?”

“गाढव हायेस,” सुंदराबाई म्हणाली. “जा, भाकरी खा.”

गॅब्रिएलनं हे सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी हत्यारं गोळा करताना तो जवळ येऊन बसला. “सुंदराबाय, एक सांगतंय, ऐक. रेती कोणाची? कंत्राटदाराची. रेती खारी आली म्हणून सांग. अर्धी मुंबई चौपाटीच्या रेतीवर उभी हाय, कोणाला नवल वाटायचं नाय. तुझा चुना सुटला, कौसल्या सुटली, आनि शेटच्या तोंडाला काळं.”

खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं? या शेटनं अठरा बायांच्या पोटावर पाय आणायचा अर्ज दिला होता. त्याच्या अंगावर एक खोटं ढकलायला आपल्यापैकी किती जणांचा हात कचरला असता? लढ्यात सगळं चालतं, असं आपण व्यासपीठावरून सांगतोच की.

सुंदराबाई उठली. रेतीच्या ढिगापाशी गेली, चिमूट उचलली, तोंडात टाकली, थुंकली.

“रेती गोडी हाय, मिस्त्री.”

“आगो, ती गोडी असू दे की खारी! कोण चाखून बघतंय?”

“म्या बघितली न्हवं आत्ता? ह्याच जिभंवर चुना पारखत्ये. आज गोड्याला खारं म्हणाया लावलं, तर उद्या ती मला काय खरं सांगंल?”

गॅब्रिएलनं खांदे उडवले. “मग मर.”

“मरत्ये. पर तुज्यासारक्याच्या सल्ल्यानं न्हाई.”

घरी कोंडीरामानंही तेच सांगून पाहिलं, जरा वेगळ्या वाटेनं. “कबूल केलंस तर कौसल्येला हाकलत्याल. तिचं पाप तुज्या माथी.”

“म्हणूनच कौसल्येचं नाव घेनार न्हाई,” ती म्हणाली. “शिकिवलं म्या. अर्धंच शिकिवलं. चूक माजी.”

शुक्रवारी बोळात माणसं जमली. गुप्तेसाहेब, रमाकांत, आणि गुप्तेसाहेबांनी मुद्दाम बोलावलेल्या मृणालिनीबाई. याच इमारतीत रसायनशास्त्र शिकवायच्या, राहायला गिरगावात. रमाकांतनं भिंत दाखवली, अर्ज वाचला. चुन्याचं काम बेभरवशाचं, मजूर गैरहजर, सबब पुढील काम सिमेंटमध्ये करणेस परवानगी असावी.

गुप्तेसाहेब सुंदराबाईकडे वळले. “तुमचं म्हणणं काय आहे, बाई?”

“चुना चांगला व्हता सायेब. पाणी वाईट घातलं. दर्याचं.”

“कुणी घातलं?”

“माज्या घाणीवर घातलं, म्हंजी म्याच.”

“तुम्ही त्या वेळी इथं नव्हताच,” रमाकांत म्हणाला.

“मुकादम म्या हाय का न्हाई? मग?”

“आणि दर्याचंच पाणी हे कशावरून? काहीतरी सांगायचं म्हणून—”

“चाटून बगा.”

रमाकांतनं भिंतीकडे असं बघितलं की जणू तीच त्याला चाटणार होती. गुप्तेसाहेब खाकरले. शेवटी मृणालिनीबाई पुढे झाल्या. चष्मा वर सारला, नखानं भिंत खरवडली, नख जिभेला लावलं, आणि वर्गात हजेरी घेतात त्या आवाजात म्हणाल्या, “खारट आहे. नळीत तपासून लेखी देते, पण देईन ते हेच.”

मागे गॅब्रिएल पुटपुटला, “एवढी शिकलेली बाय भिंत चाटते. जमाना बदलला रे बाबा.” बाया फिसकन हसल्या. मृणालिनीबाईही हसल्या.

“ठीक आहे, मीठ आहे,” गुप्तेसाहेब म्हणाले. “ते काढता येतं?”

“येतं. माजी आय काढायची. गोड्या मातीचा लेप द्यायचा, वल्ला ठिवायचा, सुकू द्यायचा. माती मीठ वडून घेती. मग सोलायचा. आन् पुन्हा.”

“किती वेळा?”

“भिंत सांगंल.”

गुप्तेसाहेबांनी थोडा विचार केला. “बारा हात भिंत तुमची. पावसाळा उलटू दे. ऑक्टोबरात मी स्वतः येऊन बघेन. पांढरं दिसलं तर घाणी उचलायची, मी काही ऐकणार नाही. तोवर दिवाणखान्याला कुणी हात लावायचा नाही. चुनाही नाही, सिमेंटही नाही.”

आता रमाकांतनं खिशातून दुसरा कागद काढला. शेटनी आधीच टाइप करून दिलेला. “मग यावर अंगठा द्यावा लागेल. यापुढे कुठल्याही मोर्चात, हरताळात भाग घेणार नाही. कारण मुळात हे सगळं त्या हरताळामुळं झालं. बाई कामावर असत्या तर पाणी चुकलं नसतं.”

यात थोडं खरं होतं, म्हणून तर ते जास्त बोचलं. सुंदराबाईनं कागद हातात घेतला. उलटा धरला की सुलटा तिला कळलं नाही, पण त्यात काय लिहिलंय ते पुरतं कळलं. तिनं त्याची नीट घडी घातली आणि रमाकांतला परत केली.

“पानी चुकलं ती माजी चूक. ती म्या निस्तरत्ये. मोर्चा चूक न्हवता. त्याच्यावर अंगठा न्हाई.”

“मग मुकादमी नाही. यायचं असेल तर पाटी उचलायला या. इतर बायांसारखं.”

सगळ्यांना वाटलं, आता ही पाटी त्याच्याच डोक्यात घालणार. गॅब्रिएलनं तर हातोडी खाली ठेवली, मधे पडायची वेळ आली तर हात मोकळा असावा म्हणून. सुंदराबाईच्या नाकपुड्या फुगल्या. मग तिनं पदर खोचला आणि कोपऱ्यातली रिकामी पाटी उचलली.

“कुठं टाकायची माती? सांगा, मुकादम.”

रमाकांतला ‘मुकादम’ ही शिवी आहे की काय, हे कळायला जरा वेळ लागला.

त्या दिवसापासून दुपारपर्यंत सुंदराबाईनं राडारोडा वाहिला, दुखऱ्या खांद्यानं. दुपारनंतरची वेळ भिंतीची. आधी सगळा गिलावा काढून दगड उघडा केला, कोरड्या कुंच्यानं झाडून भुगा गोळा करून लांब नेऊन टाकला. मग माती. मुंबईत खाडीच्या मातीला तोटा नाही, पण ती मातीच खारी. शीवजवळच्या कुंभारवाड्यात तिनं चार ढिगांतून चिमूट चिमूट चाखली. तिथला म्हातारा कुंभार ओरडला, “बाई, माती इकत घेतेस का जेवायला बसलीयस?” पाचवा ढीग पसंत पडला.

मातीत भुसा कालवून दोन बोटं जाड लेप. वर ओलं गोणपाट. दोन दिवस ओला, मग उघडा टाकून सुकवायचा. सुकून तडकला की सोलायचा. पहिला लेप सोलला तर त्याच्या पाठीवर पांढरी साय. दुसरा तसाच. कौसल्या रोज तिच्या जोडीला असायची, पण पहिले आठ दिवस तोंडातून शब्द नाही. मग एका दुपारी म्हणाली, “आक्का, तुमी माजं नाव का न्हाई घेतलं?”

“तुजं नाव घिऊन काय मीठ गेलं असतं? गोणपाट धर.”

पाचव्या लेपानंतर मृणालिनीबाई काचेची नळी घेऊन आल्या. सोललेल्या मातीचं पाणी नळीत घालून तपासलं आणि खूश होऊन म्हणाल्या, “झालं, सुंदराबाई. आता मीठ नसल्यासारखंच आहे. गिलावा करायला हरकत नाही.”

सुंदराबाईनं मातीचा तुकडा जिभेवर ठेवला. “हाय आजून.”

“अहो, नळी सांगतेय ना.”

“नळीला चव कळती का?”

मृणालिनीबाईंनी वाद घातला नाही. सहावा लेप झाला. सातवा झाला. सातव्याला माती मातीसारखी लागली.

मग पाणी. गिलाव्याचा चुना कालवायच्या दिवशी सुंदराबाई पाटी टाकून सरळ गुप्तेसाहेबांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. “सायेब, तुमी लिफ्ट लावताय, पंखं लावताय, गॅसच्या नळ्या घालताय. घाणीला एक नळ न्हाई. टाकीला कुलूप बसलं की बाया कुठं जानार? ज्या गेल्या त्या दर्यावर गेल्या.”

गुप्तेसाहेबांनी नकाशा उलगडला. नकाशात त्या अंगणात खरोखरच काही काढलेलं नव्हतं. नुसता पांढरा चौकोन. तीन दिवसांत नळ आला. अठरा बायांनी पहिल्यांदा त्याखाली हात धुतले, मग पाणी प्यायल्या, आणि मग घाणी भिजली.

गिलावा झाला. पावसाळ्यात बोळ ओलसर असायचा. सुंदराबाई रोज येता-जाता भिंतीवर तळवा फिरवायची. ऑगस्ट गेला. सप्टेंबर गेला. ऊन पडायला लागलं की मीठ बाहेर येतं, खरी परीक्षा तेव्हा. गुप्तेसाहेब यायच्या दोन दिवस आधी, दाराजवळच्या कोपऱ्यात, अगदी जमिनीलगत, तिला वीतभर पांढरा डाग दिसला.

गॅब्रिएलनं तो तिच्यामागोमाग पाहिला. काही न बोलता तो गेला आणि सफेदीची बादली व कुंचा घेऊन आला. “एक हात मारतंय. दोन दिवस नाय दिसायचं. साहेब बघून जाईल, मग तू परत लेप दे, काय ते कर. वीतभर डागापायी सात महिने फुकट घालवू नको, बाय.”

सात महिने पाट्या वाहिलेल्या बाईनं त्या कुंच्याकडे किती वेळ बघितलं ते कौसल्येला विचारा. ती सांगते, आक्कांचा हात पुढं गेला होता. पुढं जाऊन तिनं बादली उचलली आणि सफेदी अंगणात ओतून दिली.

दोन दिवसांनी गुप्तेसाहेब बोळात शिरले आणि भिंतीच्या वरच्या अंगापासून बघायला लागले. मागे रमाकांत, मृणालिनीबाई. साहेब काही म्हणायच्या आत सुंदराबाई कोपऱ्यात बसली आणि डागावर बोट ठेवलं.

“आदी हितं बगा. वीतभर राहिलंय. दाराच्या उंबऱ्याखालचा दगड म्या सोडला व्हता, त्यात मीठ बसलं आसनार. माजीच कसूर.”

रमाकांतनं तोंड उघडलं. ठरल्याप्रमाणं पांढरं दिसलं होतं. त्याला फक्त ते म्हणायचं होतं. त्यानं त्या वीतभर डागाकडे पाहिलं, मग पूर्ण भिंतीकडे, मग बाईच्या वाकलेल्या खांद्याकडे. आणि गप्प बसला. त्याच्या बाजूनं इतकं तरी लिहिलंच पाहिजे.

गुप्तेसाहेबांनी सगळ्या भिंतीवरून हात फिरवला. खिळ्यानं चार ठिकाणी टोचून पाहिलं. मग रुमालानं हात पुसत म्हणाले, “मी पांढरं दिसलं तर असं म्हटलं होतं. मला दिसलं नव्हतं. मला ते दाखवलं गेलं. जो माणूस स्वतःची चूक आधी दाखवतो त्याच्या हाती मी दिवाणखाना देऊ शकतो. घाणी राहील. मागची नवी शौचालयं आणि लिफ्टची खोली सिमेंटमध्ये करा, शेटना सांगा.”

“नव्याला नवं करा की,” सुंदराबाई म्हणाली. “त्याला माजी काय ना न्हाई.”

“आणि घाणीवर मुकादम कोण?” मृणालिनीबाईंनी विचारलं.

उत्तराची गरज पडली नाही, कारण कौसल्येनं तोवर पाटी सुंदराबाईच्या हातून काढूनच घेतली होती. अंगठ्याचा तो कागद पुन्हा कुणी पुढं केला नाही.

डिसेंबरात सुंदराबाई तीन दिवस कामावर नव्हती. दादरच्या चौपाटीवर, अंत्यसंस्काराला लोटलेल्या लाखोंच्या त्या दुःखात, तिनं नि कोंडीरामानं धम्मदीक्षा घेतली. परत आली तेव्हा हौद भरलेला, चुना लोण्यासारखा. तिनं बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि कौसल्येकडे बघून मान हलवली. एवढंच. पुढच्या चार महिन्यांत त्या दोघींनी आणि सतराजणींनी दिवाणखान्याच्या चारी भिंती पुऱ्या केल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना त्यानंतरही ती गेली. सांगून गेली, आणि मागं पाण्याची सोय बघून गेली.

आता हे वाचून ‘वा, काय बाई!’ म्हणून पान उलटू नका. तिला वाहवा नको आहे, ती ऐकायला तिला सवडही नाही. पण तुमच्या गल्लीत शाळेचं, वाचनालयाचं, विहाराचं, देवळाचं, कशाचंही बांधकाम निघेल, तेव्हा एक करा: पहिल्या दिवशी जाऊन विचारा, इथल्या बायांना पाणी कुठून? गोड्या पाण्याचा नळ दिसला नाही, तर तो बसेपर्यंत एकही वीट उतरू देऊ नका.